चार वर्षांची रिकामी जागा आणि चार पानांचा रेझ्युमे

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाईंचं वय ३७. एका कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांनी नऊ वर्षं काम केलं. आईला पक्षाघात झाला तेव्हा नोकरी सोडली आणि चार वर्षं तिचं सगळं केलं. गेल्या वर्षी आई गेली. गेले आठ महिने त्या पुन्हा नोकरी शोधताहेत. संकेतस्थळांवरून दीडशेच्या वर अर्ज केले, तीन फोन आले, आणि तिन्ही वेळा 'मधली चार वर्षं काय केलंत?' या प्रश्नावर त्या अडखळल्या. 'चार वर्षं मी तशी घरीच होते,' असं त्या लिहितात. पैसे देऊन एकाकडून चार पानी, रंगीत रेझ्युमे करून घेतला. तरी फरक नाही. भाचा म्हणतो, त्या वर्षांपुढे 'फ्रीलान्स कन्सल्टंट' लिहून टाक. नवरा म्हणतो, मिळेल ती नोकरी धर. त्यांचा प्रश्न असा: 'माझ्या रेझ्युमेत नेमकं काय चुकतंय? आणि ही चार वर्षं लपवू की सांगू?'

उत्तर:

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'चार वर्षं मी तशी घरीच होते.' अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. औषधांच्या वेळा, व्यायाम, डॉक्टरांच्या खेपा, जागून काढलेल्या रात्री हे सगळं त्याच्या जोडीला. एवढं केलेल्या बाईने 'तशी घरीच होते' म्हणावं, याचं मला फार वाईट वाटलं. यातलं काही रेझ्युमेत भरा असं मी सांगणार नाही. पण फोनवर तुमची जीभ अडखळते त्याचं मूळ मला या वाक्यात दिसतं, म्हणून ते आधी काढलं. त्याकडे पुढे येतेच.

आधी रेझ्युमे. 'काय चुकतंय' असं तुम्ही विचारता, त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: रेझ्युमे एकच असतो, आणि तो एकदा बिनचूक झाला की नोकरी मिळते. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते तुम्हाला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळेल.

तुम्ही नऊ वर्षं कोटेशनं वाचलीत. मालाची चौकशी पाठवली की दहा जणांची कोटेशनं यायची. काहींनी विचारलेल्या मालाचा ग्रेड, भाव, पोचवण्याची मुदत आणि पेमेंटच्या अटी एका पानात दिलेल्या असायच्या. काहींनी मात्र जाडजूड कॅटलॉग जोडून 'आम्ही सर्व प्रकारचा माल पुरवतो' एवढंच कळवलेलं असायचं. त्या कॅटलॉगवाल्याचा माल वाईट होता असं नाही. पण टेबलावर दहा कागद पडलेले असताना त्याच्या कॅटलॉगमधून आपलं उत्तर शोधत बसायला तुम्हाला वेळ नव्हता. तुमचा चार पानी रेझ्युमे हा तो कॅटलॉग आहे, आणि दीडशे वेगवेगळ्या चौकशांना तो जसाच्या तसा गेला आहे.

भरती करणाऱ्याच्या टेबलावर दहा नव्हे, कधी शेकड्याने कागद असतात. अमेरिकेतल्या एका नोकरी-संकेतस्थळाने २०१८ साली भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेवर नजर सरासरी ७.४ सेकंद टिकते असं त्यांना आढळलं. क्षेत्र बदललं, माणूस बदलला की आकडा बदलेल, पण अंदाज येण्यापुरता तो पुरे. एवढ्या वेळात कुणी चार पानं वाचत नाही. नजर पदनावावर जाते, कुठे आणि किती वर्षं काम केलं यावर जाते, आणि पुढे वाचायचं की नाही ते ठरतं. तेव्हा दीडशे ठिकाणची शांतता म्हणजे दीडशे जणांनी तुम्हाला पारखून नाकारलं, असा अर्थ कृपा करून काढू नका. बहुतेकांनी तुम्हाला वाचलेलंच नाही.

आता कामाला कुठून लागायचं? रेझ्युमे उघडून नका बसू. तुम्हाला खरोखर करावीशी वाटते अशा नोकरीची एक जाहिरात घ्या आणि चौकशी वाचायचात तशी ती वाचा. त्यांना काय हवंय, त्यातलं कशावाचून अडणार आहे आणि काय असलं तर बरं एवढंच आहे, ते वेगळं काढा. 'पुरवठादारांचा पाठपुरावा', 'साठ्याचं नियोजन', 'एक्सेल', 'ईआरपी' (खरेदी, साठा, हिशेब असे कंपनीचे व्यवहार एकत्र नोंदणारी संगणकप्रणाली) अशा चार-पाच गोष्टी हाताला लागतील. प्रत्येकीसमोर आपल्या नऊ वर्षांतला एक खरा प्रसंग लिहा. अजून रेझ्युमेची भाषा नको. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगाल तसं लिहा. ज्या गोष्टीसमोर काहीच सुचत नाही तिथे जागा रिकामी सोडा. अडणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्याअधिक रिकाम्या राहिल्या तर ती जाहिरात सोडून द्या. एकदोनच रिकाम्या राहिल्या तर बेलाशक अर्ज करा. यादीतली प्रत्येक अट पुरी करणारा माणूस क्वचितच सापडतो, आणि हे जाहिरात देणाऱ्यालाही ठाऊक असतं.

मग त्या प्रसंगांच्या ओळी करा. तुमच्या सध्याच्या रेझ्युमेत, पैसे देऊन लिहून घेतलेल्या बहुतेक सगळ्यांत असतं तसं, एक वाक्य असणार: 'व्हेंडर मॅनेजमेंट व प्रोक्युअरमेंटची संपूर्ण जबाबदारी यशस्वीपणे सांभाळली.' हे वाक्य खरेदी विभागातल्या कुणाच्याही नावावर खपेल, म्हणूनच ते कुणाचंच नाही. त्याऐवजी असं काही लिहा: 'पॅकिंगच्या मालाचे ३० पुरवठादार सांभाळले, दरमहा सुमारे १२० परचेस ऑर्डर काढून माल गोदामात येईपर्यंत पाठपुरावा केला.' हे आकडे मी नमुन्यादाखल घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. नेमके आठवत नसतील तर 'सुमारे' लिहा. मुलाखतीत कुणी विचारलंच तर तो अंदाज कसा काढला ते सांगता आलं म्हणजे झालं. जुन्या सहकाऱ्याला एक फोन केलात तर पुष्कळ आठवेल. मात्र जुन्या कंपनीचे भाव आणि पुरवठादारांची नावं कागदावर आणू नका. एका ठिकाणची गुपितं सांगणारा माणूस उद्या आपलीही सांगेल, हे समोरच्याच्या लगेच लक्षात येतं.

'माझ्या कामाला आकडेच नाहीत,' असं मला फार जण लिहितात. शिक्षक, स्वागतकक्षातले कर्मचारी, प्रयोगशाळेतले सहायक. प्रत्येक ओळीत आकडा लागतच नाही. आधी काय अडचण होती, तुम्ही काय केलंत आणि मग काय बदललं, एवढं आलं की ओळ उभी राहते. उदाहरणार्थ: 'एका कच्च्या मालासाठी एकाच पुरवठादारावर अवलंबून होतो. दुसरा शोधून, नमुन्यांची तपासणी करवून, त्याला मंजुरी मिळवली. त्यानंतर त्या मालावाचून उत्पादन थांबलं नाही.' यात एकही मोजमाप नाही, तरी हे काम केलेलं माणूस दिसतं.

नऊ वर्षांच्या अनुभवाला दोन पानं भरपूर. एका पानात बसलं तर उत्तमच. सर्वात वर नाव, फोन, ईमेल. त्याखाली तीन ओळींत तुम्ही कोण आणि या जागेसाठी का. 'आव्हानात्मक वातावरणात माझ्या क्षमतांचा विकास साधणे' छापाचं उद्दिष्ट काढून टाका. ते वाचणाऱ्याला तुमची गरज सांगतं, आणि त्याला तर त्याची गरज भागवायची आहे. कौशल्यांपुढचे तारे आणि रंगीत पट्ट्याही काढा. एक्सेलला पाचापैकी चार तारे म्हणजे काय, हे कुणालाच कळत नाही. 'एक्सेलमध्ये पिव्हट टेबल आणि व्हीलुकअप वापरून साठ्याचा मासिक अहवाल करत असे' हे कळतं. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, फोटो हे कुणी मागितलं तरच.

दिसण्याबद्दल आणखी एक, कारण रंगीत रेझ्युमेत नुकसान होतं ते इथे. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका संगणकप्रणालीत जातो. तिला सगळे एटीएस म्हणतात, आणि तिच्याबद्दल भीती बरीच पसरली आहे. ती तुमचा कागद बघून मनाशी निकाल लावते असं सहसा नसतं. ती मजकूर उपसून कप्प्यांत भरते आणि भरती करणारा मग त्यात शोध घेतो. आपोआप बाहेर पडायला होतं ते बरेचदा फॉर्ममधल्या ठरावीक प्रश्नांवर: 'अमुक परवाना आहे का', 'अमुक शिफ्टमध्ये काम कराल का'. घोटाळा होतो तो उपसताना. दोन स्तंभ, तक्ते, चौकटीतला मजकूर, पानाच्या शीर्षपट्टीत टाकलेला फोन नंबर यांची सरमिसळ होते किंवा ते गळतात. तुमचा पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे वाचून क्रम लागला तर ठीक. पदनाव एकीकडे आणि वर्षं भलतीकडे गेली असतील तर सगळी सजावट काढून एका स्तंभात लिहा. आणि जाहिरातीत ज्या शब्दाने काम सांगितलंय तोच शब्द वापरा, अर्थात ते काम तुम्ही केलं असेल तरच. पांढऱ्या अक्षरांत लपवून शब्द पेरण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. नोटपॅडमध्ये तुम्हाला दिसतं तसं ते त्यांनाही दिसतं.

एआयकडून लिहून घ्यावं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण बाकीचे विचारतात. शुद्धलेखन, लांब वाक्य आखूड करणं, जाहिरातीतलं काही सुटलं का ते तपासणं, यासाठी जरूर वापरा. पहिला मजकूर मात्र स्वतःचा असू द्या. नाहीतर तेच गुळगुळीत वाक्य पन्नास अर्जांत सापडतं आणि कधीकधी तुम्ही न केलेली कामगिरीही त्यात घुसते. मुलाखतीत तिच्याबद्दल विचारलं की सगळा कागदच संशयास्पद होतो.

आता ती चार वर्षं. भाच्याला तुमची काळजी आहे, पण त्याचा सल्ला घेऊ नका. 'फ्रीलान्स कन्सल्टंट' लिहिलं की पुढचा प्रश्न 'कुणासाठी?' हा असणार. खऱ्या गोष्टीवर तीन वेळा अडखळलात, तर खोट्या गोष्टीवर काय होईल? शिवाय नोकरी लागल्यावरही पूर्वीच्या नोकऱ्यांची पडताळणी होते आणि खोटं उघडं पडलं की लागलेली नोकरी जाऊ शकते.

नोकरीतल्या अशा अंतराचा काहीच तोटा होत नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. तोटा होतो, पण तो कमी करता येतो. ब्रिटनमध्ये खऱ्या जाहिरातींना नऊ हजारांवर अर्ज पाठवून केलेला एक प्रयोग २०२२ साली 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रत्येक नोकरीपुढे 'अमुक सालापासून तमुक सालापर्यंत' न लिहिता 'किती वर्षं' केली एवढंच लिहिलं, तर अंतर असलेल्या उमेदवाराला, नेहमीच्या पद्धतीने अंतर दिसू देणाऱ्या रेझ्युमेपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त बोलावणी आली. म्हणजे 'खरेदी अधिकारी, ९ वर्षे' हे ठळक. वाचणाऱ्याच्या नजरेत आधी अनुभव भरतो, रिकामी जागा नंतर. हा बदल जरूर करा. मात्र पुष्कळ अर्जांत तारखा मागतातच, तिथे खऱ्याच द्या. आणि मला विचाराल तर अनुभवाच्या यादीनंतर एक साधी ओळही असू द्या: 'कुटुंबातील गंभीर आजारपणामुळे ४ वर्षे पूर्णवेळ शुश्रूषा, ती जबाबदारी आता संपली आहे.' वाचणाऱ्याच्या मनात दोन शंका असतात: ही माणसं इतकी वर्षं का थांबली, आणि उद्या पुन्हा थांबतील का? दोन्हींचं उत्तर या ओळीत आहे.

फोनवर विचारलं तर याहून फार जास्त बोलायचं नाही. 'आईला पक्षाघात झाला होता, चार वर्षं तिचं सगळं मी बघत होते. गेल्या वर्षी ती गेली. आता मी पूर्णवेळ कामाला मोकळी आहे, आणि तुमच्या जाहिरातीत पुरवठादारांच्या पाठपुराव्याचं काम आहे, ते मी नऊ वर्षं केलंय.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण ते बोलणं पुन्हा कामावर आणतं. आरशासमोर नको, माणसासमोर म्हणा, नवऱ्यासमोर, भाच्यासमोर. 'गेल्या वर्षी ती गेली' हे वाक्य म्हणताना सुरुवातीला गळा दाटून येईल. येऊ द्या. घरात चार वेळा दाटला की फोनवर सावरता येतो. ती वर्षं हा तुमचा गुन्हा नाही. माफी मागितल्याच्या सुरात उत्तर दिलंत तर समोरच्यालाही काहीतरी माफ करण्यासारखं घडलंय असं वाटू लागतं.

जे मागे पडलंय तेही मान्य करायला हवं. जाहिराती जी ईआरपी प्रणाली मागतात ती तुम्ही नोकरी सोडली तेव्हा वापरात नसेल, तर तेवढीच शिका. दहा प्रमाणपत्रं गोळा करत बसू नका. एक छोटा अभ्यासक्रम करा आणि काल्पनिक आकडे घेऊन साठ्याचा एक अहवाल स्वतः तयार करा. मुलाखतीत 'सध्या सराव आहे का?' विचारलं तर तो दाखवता येतो, आणि चालू वर्षाची एक नोंदही रेझ्युमेत येते.

नवऱ्याचं 'मिळेल ती धर' हे मी सरसकट खोडून काढणार नाही. घरखर्चाची निकड असेल तर ते बरोबरच आहे. भुकेला वाट बघायला सांगणारे सल्ले मला आवडत नाहीत. पण तुमच्या पत्रात तशी निकड जाणवत नाही, थकवा जाणवतो. तसं असेल तर मधला मार्ग बघा. पूर्वीपेक्षा एक पायरी खालचं पद, पण खरेदी, भांडार, पुरवठा याच रांगेतलं, हे मला क्षेत्राबाहेरच्या कुठल्याही नोकरीपेक्षा बरं वाटतं. वर्षभरात पुन्हा वर सरकता येतं. कुणाच्या बाळंतपणाच्या रजेतली सहा महिन्यांची बदली जागा मिळाली तरी घ्या. काही मोठ्या कंपन्या खंडानंतर परतणाऱ्यांसाठी 'रिटर्नशिप' नावाने काही आठवड्यांचं पगारी काम देतात. गोल्डमन सॅक्सने २००८ साली हे सुरू केलं आणि नंतर इतरांनी उचललं. त्यातून कायम नोकरी मिळेलच असं नाही, पण तिथे अंतर ही अडचण नसून प्रवेशाची अटच असते.

आणि कुणी 'तुमची निवड झाली, आता नोंदणीचे पैसे भरा' म्हटलं, तर तिथेच थांबा. नोकरी शोधणाऱ्याकडून एजन्सीने शुल्क घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातही म्हटलं आहे. आठ महिने वाट पाहिलेलं माणूस अशा फोनवर लवकर विश्वास ठेवतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

तुमच्या पत्रात सगळ्यात खटकलं ते हे, की दीडशे अर्जांत एकही माणूस नाही. सगळं संकेतस्थळावर. 'ओळख लावणं मला जमत नाही' असं तुम्ही म्हणाल. मी वशिल्याबद्दल बोलत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, की ज्याच्याकडून हे कळलं तो तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? 'वारंवार' म्हणणारे १६.७ टक्के निघाले, 'अधूनमधून' म्हणणारे ५५.६ टक्के आणि 'क्वचितच' म्हणणारे २७.८ टक्के. कारण उघड आहे. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. लांबचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या, लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या अभ्यासातही नोकरी बदलायला जवळच्यांपेक्षा बेताच्या ओळखी जास्त उपयोगी पडताना दिसल्या.

तुमच्याजवळ अशा ओळखींचा साठा आहे. नऊ वर्षं ज्यांच्याशी रोज फोनवर बोललात ते पुरवठादार! ते कितीतरी कारखान्यांत जातात, कुठल्या खरेदी विभागात माणूस कमी पडतोय ते त्यांना जाहिरातीच्या आधी कळतं, आणि तुम्ही काम कसं करता हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय. जुने वरिष्ठ, नोकरी बदलून गेलेले सहकारी, लेखा विभागातली मैत्रीण हेही आहेत. संपर्क तुटला म्हणून संकोच वाटतो, हे मला समजतं. पण चार वर्षांनी आलेला साधा, सरळ निरोप माणसांना बहुधा आवडतोच.

म्हणून पुढचे काही आठवडे असे घालवा. अर्ज आठवड्याला पाच-सहाच, पण वर सांगितलं तसे, एकेका जागेसाठी जुळवून. कुठल्या जागेला कोणता रेझ्युमे गेला याची नोंद ठेवा. चांगले जुळवलेले वीसेक अर्ज जाऊनही फोन आला नाही, तर पदाची निवड किंवा वरच्या तीन ओळी बदला. फोन येतात पण पुढे सरकत नाही असं झालं, तर बोलण्याचा सराव वाढवा. उरलेला वेळ माणसांना द्या. रोज एका जुन्या ओळखीला निरोप पाठवा. नोकरी मागू नका, माहिती मागा. काय लिहावं हे सुचत नसेल तर हे घ्या:

'नमस्कार. मी अमुक, तमुक कंपनीत खरेदी विभागात होते, पॅकिंगच्या मालासाठी आपलं नेहमी बोलणं व्हायचं. आईच्या आजारपणामुळे मी चार वर्षं थांबले होते, आता पुन्हा खरेदी किंवा भांडार विभागात काम शोधते आहे. तुमचं बऱ्याच कारखान्यांत जाणंयेणं असतं. कुठे या कामासाठी माणूस हवा असल्याचं कानावर आलं तर कळवाल का? माझा एक पानी रेझ्युमे सोबत जोडला आहे.'

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा करू नका, यादीतल्या पुढच्या नावाकडे वळा.